बॅच फाईलमधील मोकळ्या जागा

वसतिगृहातील रजेचा छापील अर्ज अनेकांना आठवत असेल. मजकूर सर्वांसाठी एकच. नाव, गाव आणि परतीची तारीख यांसाठी तेवढ्या जागा मोकळ्या. बॅच फाईलला अर्ग्युमेंट देणे म्हणजे अशाच जागा भरणे होय.

१९८१ साली डॉसबरोबर आलेली ही सोय विंडोजमध्ये अद्याप टिकून आहे. फाईलमध्ये जेथे टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागून एकचा आकडा लिहिलेला असेल, तेथे फाईलच्या नावापुढे आपण टंकलेला पहिला शब्द जाऊन बसतो. दोनच्या जागी दुसरा. शून्याच्या जागी खुद्द फाईलचे नाव येते. नऊच्या पुढे ही मोजणी चालत नाही. दहा लिहिल्यास संगणक ते 'पहिले अर्ग्युमेंट आणि त्यापुढे शून्य' असे वाचतो. म्हणून 'शिफ्ट' ही आज्ञा देऊन सर्वांना एकेक घर पुढे सरकवावे लागते. (चाकण-भोसरीच्या कामगारास हा शब्द शिकवावा लागत नाही, येथे अर्थ तेवढा निराळा.)

परंतु 'शब्द' कशास म्हणायचे? खरी मेख येथे आहे. मोकळी जागा दिसताच संगणक शब्द तोडतो. स्वल्पविराम, अर्धविराम आणि बरोबरचे चिन्ह यांनाही तो तसेच मानतो.

चाकणजवळ मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात आम्ही जुन्या नोंदींचे फोल्डर पुसणारी बॅच फाईल तयार केली होती. एका फोल्डरचे नाव 'चाकण', दुसऱ्याचे 'चाकण जुने'. रात्रपाळीच्या मुलाने सांगितल्याबरहुकूम दुसरे नाव टंकले. आमच्या फाईलने पहिला शब्द घेतला: 'चाकण'. 'जुने' दुसऱ्या स्थानी जाऊन बसला, आणि ते स्थान आम्ही कोठेच वापरलेले नव्हते. चालू महिन्याच्या तपासणीच्या सर्व नोंदी गेल्या. आज्ञेने पुसलेले रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. कागदी नोंदवह्यांवरून सारे पुन्हा टंकण्यात तीन रात्री गेल्या. ठपका त्या मुलावर आला. चूक आमची होती, हे वरिष्ठांना सांगावयास आम्ही दोन दिवस लावले.

उपाय अवघड नव्हता. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत, म्हणजे "चाकण जुने" असे दिले की ते अखंड एकच अर्ग्युमेंट ठरते. फाईलमध्ये टक्का आणि आकडा यांच्यामध्ये टिल्ड हे नागमोडी चिन्ह घातल्यास आलेली अवतरणचिन्हे गळतात. मग आपली चिन्हे दोन्ही बाजूंस स्वतः घालावीत. त्याहून महत्त्वाचे, पुसण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिले अर्ग्युमेंट रिकामे असल्यास थांबावे, कारण नावाची जागा कोरी राहिली तर आज्ञा वरच्या संपूर्ण फोल्डरवर चालू शकते. आणि एकच नाव अपेक्षित असताना दुसरा शब्द आला, तरीही थांबावे. कोणीतरी अवतरणचिन्हे विसरले आहे.

त्या फाईलमध्ये आता आणखी एक ओळ आहे. ती फोल्डरचे पूर्ण नाव पडद्यावर दाखविते आणि कळ दाबेपर्यंत वाट पाहते. ती ओळ त्या रात्रपाळीच्या मुलाने सुचविली.