दहा दिवसांची सेवा : आशीर्वाद की ओझे?

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये १८:१–११



काही वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या तरुणांच्या एका गटाबरोबर दुभाषी म्हणून मी आजऱ्याहून पालघर जिल्ह्यातील एका वारली पाड्यावर गेले होते. दहा दिवसांत आम्ही बालवाडीची भिंत बांधली, मुलांना गाणी शिकवली, फोटो काढले. निघताना एका चिमुरडीने माझा पदर धरून विचारले, "ताई, परत कधी येणार?" मी म्हणाले, "पुढच्या वर्षी." मी गेले नाही.

नंतर तिथल्या सेविकाबाईंनी सांगितले ते अजून टोचते. पाड्यावरचे दोन गवंडी त्या दिवसांत कामावाचून बसून होते. त्यांची मजुरी आम्ही बुडवली. पावसाळ्यात भिंतीला तडे गेले, ते त्यांनीच बुजवले. आणि गाडीचा आवाज आला की मुले रस्त्याकडे धावत. आमचा हेतू चांगला होता; पण चांगल्या हेतूनेही इजा होते. नेपाळ, कंबोडियात तर पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप हयात असलेली मुलेही अनाथालयांत ठेवल्याचे उघडकीस आले आहे.

आता पौलाकडे पाहू. करिंथात तो दीड वर्ष राहिला आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी तंबू करून स्वतःची भाकरी मिळवली. तो कोणावर भार झाला नाही.

आपल्या शेजारच्या मिरजेचेच घ्या. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले आणि १९२८ पर्यंत सेवा केली. इथल्याच तरुणांना त्यांनी वैद्यकीय शिक्षण दिले, म्हणून ते गेल्यावरही काम थांबले नाही. १९७३ मध्ये सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया भाषा शिकले.

मग थोड्या दिवसांसाठी जाऊच नये का? तसे नाही. हेमलकशाला बाहेरचे शल्यचिकित्सक थोड्या दिवसांच्या शिबिरासाठी येतात. पण तिथे न मिळणारे कौशल्य ते आणतात आणि त्यांच्यामागे कायमचा दवाखाना उभा असतो. फरक दिवसांच्या संख्येत नाही. आपल्याला कोणी बोलावले आणि आपल्यामागे कोण राहणार, यात आहे.

मंडळीत चर्चेसाठी :

१. हे काम तिथल्या लोकांनी मागितले आहे का?
२. तेच काम करणारा माणूस पाड्यावर आहे का? प्रवासखर्चात त्याची किती दिवसांची मजुरी निघेल?
३. आपण निघाल्यावर मुलांजवळ कोण असेल?
४. आपण दिलेला कोणता शब्द अजून पाळायचा आहे?

चौथा प्रश्न माझ्यासाठी आहे. यंदा मी त्या पाड्यावर जाणार आहे, सेविकाबाईंना विचारून, रिकाम्या हातांनी, ऐकण्यासाठी. माझ्यासाठी प्रार्थना करा.