हळदीचा फोटो का हलतो? लेन्ससाठी कर्ज देण्याआधी



गेल्या महिन्यात गोराई गावठाणातल्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं ‘फोटोग्राफीसाठी लेन्स’, रक्कम ३० हजार. त्या गटाच्या वहीत आजवर शिलाई मशीन, सुक्या मासळीचा माल, मुलांची फी, छपराचे पत्रे अशी कारणं. लेन्स पहिल्यांदाच आली. एका मावशींनी सरळ विचारलं, “कॅमेरा आहे ना तिच्याकडे? मग परत पैसे कशाला?” दुसरीने आठवण काढली, की दोन वर्षांपूर्वी याच ताईंनी एक मोठी लेन्स घेतली होती आणि ती कपाटात पडून आहे.

ताईंना धड उत्तर देता आलं नाही. खरं सांगते, मलाही आलं नाही. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. मग दोन दुपारी मी ताईंच्या ओट्यावर बसून कॅमेरा समजून घेतला. जे कळलं ते इथे लिहिते, कारण असे अर्ज आता आणखी गटांत येणार. हळद, साखरपुडा, बारसं, नामकरण, वाढदिवस यांचे फोटो काढून चार पैसे कमावणाऱ्या बायका आपल्याकडे वाढतायत. बायकांच्या कार्यक्रमात फोटोवाली बाई असली तर घरातल्यांनाही बरं वाटतं.

ताईंची पहिली लेन्स लांबचं जवळ ओढणारी होती. “लग्नाचं काम करायचं तर मोठी झूम पाहिजे,” असं दुकानात सांगितलं गेलं. गोराईच्या किनाऱ्यावर उन्हात तिचे फोटो झकास आले. मग हळदीची ऑर्डर मिळाली. घर दहा बाय बाराचं, एक ट्यूबलाइट, बाहेर मंडपात रंगीत माळा. हळद लावणारे हात सगळे पुसट, नवरीचा चेहरा काळपट. घरच्यांनी निम्मेच पैसे दिले. ताई म्हणाल्या, “माझाच हात हलला असेल.” पण कारण हाताचं नव्हतंच.

लेन्सवरचे दोन आकडे

लेन्सच्या तोंडाभोवती बारीक अक्षरात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली १८-५५ किंवा ५५-२५० अशी, पुढे मिमी. हा झूम, म्हणजे किती रुंद दिसणार आणि किती जवळ ओढणार. दुकानात सगळं बोलणं याच आकड्यावर चालतं. दुसरी गोष्ट १:३.५-५.६ किंवा १:२.८ अशी लिहिलेली असते. घरातल्या अंधुक उजेडात काम करणाऱ्या बाईने आधी ही बघायची.

लेन्सच्या आत उजेड घेणारी एक खिडकी असते, तिला अॅपर्चर म्हणतात. आकडा लहान तेवढी खिडकी मोठी. हे उलटं वाटतं, मलाही वाटलं. पण भाकरी आठवा: एक छेद दोन म्हणजे अर्धी, एक छेद चार म्हणजे पाव. खालचा आकडा वाढला की तुकडा लहान होतो. हेही तसंच.

कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ लेन्सवर बहुधा ३.५-५.६ असतं. म्हणजे रुंद फोटोला खिडकी ३.५ एवढी, आणि चेहरा जवळ घेण्यासाठी झूम केला की ती आपोआप आक्रसत ५.६ होते. ज्या झूमवर फक्त २.८ लिहिलंय, तिची खिडकी झूम केला तरी तेवढीच मोठी उघडता येते. ५.६ च्या मानाने २.८ ला चौपट उजेड आत येतो. तीस हजारांतली बरीच रक्कम या चौपटीची आहे. झूम न करता रुंद फोटो काढला तर फरक एवढा नाही, दीडपटीच्या आसपास. हेही सांगायला हवं, नाहीतर कुणी म्हणेल जादू आहे.

चौपट उजेडाचं काय करायचं? शटर चौपट लवकर मिटायचं. समजा त्या खोलीत ५.६ ला शटर सेकंदाच्या २५ व्या भागाइतकं उघडं ठेवावं लागत होतं. तेवढ्यात हळदीचा हात गालावर पुढे सरकतो, म्हणून पुसट. २.८ ला तेच काम सेकंदाच्या १०० व्या भागात होतं आणि हात बराचसा थांबलेला दिसतो. लेन्स न बदलता शटर तेवढंच जलद हवं असेल तर आयएसओ वाढवावा लागतो. ३२०० ला जमलं असतं तिथे १२,८०० करावा लागतो आणि फोटोवर रव्यासारखे दाणे दिसतात.

शटर आणखी जलद करावं, तर आपली वीज आड येते. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर त्याहून बरंच जलद केलं की फोटोत आडवे काळसर पट्टे येऊ शकतात. म्हणून अशा उजेडात ताई आता एक छेद शंभरवर ठेवतात.

“लेन्समध्ये हलू न देणारी सोय आहे,” असंही विकताना सांगतात. कुठे आयएस लिहिलेलं असतं, कुठे व्हीआर, कुठे व्हीसी किंवा ओएस. सोय चांगली आहे. पण ती फोटो काढणारीचा हात सावरते, नाचणाऱ्या करवलीला थांबवत नाही.

मग फ्लॅश का नाही? मारावा, छताकडे तोंड करून मारला तर उत्तमच. पण मंडपाच्या रंगीत कापडावरून उजेड त्याच रंगाचा होऊन खाली येतो, आणि मिस्सा चालू असताना पुष्कळ ठिकाणी फ्लॅश नको म्हणतात. होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. त्यांच्या काळी फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की संपला, दुसऱ्या फोटोला नवा. त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. आपल्याला निदान बल्ब मोजावे लागत नाहीत.

आपल्या घरांना कोणती?

मोठे फोटोग्राफर २४-७० एफ २.८ वापरतात, म्हणून तीच हवी असं बऱ्याच जणींना वाटतं. ती मोठ्या सेन्सरच्या, फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी. ताईंचा कॅमेरा लहान सेन्सरचा, बहुतेकींचे तसेच असतात. त्यावर दहा फुटांवरून २४ ला फक्त नऊ-दहा फूट रुंदी मावते. उंबराच्या पाण्याला विहिरीवरून आलेल्या लुगड्यातल्या सगळ्या बायका दारात उभ्या राहिल्या, तर कडेच्या दोघी कापल्या जातील आणि त्याच नेमक्या नवऱ्याच्या आत्या निघतील! १७ ला तेरा-चौदा फूट मावते. म्हणून लहान सेन्सरसाठी १७-५० एफ २.८ बघावी. टॅमरॉन आणि सिग्मा दोघांनी ती काढलेली आहे, कॅननची स्वतःची १७-५५ आहे. सोनीच्या लहान सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी सिग्माची १८-५० एफ २.८ आहे, तीनशे ग्रॅमच्या आतली.

एका कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सहसा बसत नाही, हे लक्षात ठेवा. निकॉनच्या डी ३५०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, तिथे लेन्समध्ये मोटर आहे ना ते विचारा. नाहीतर प्रत्येक फोटोला हाताने फोकस फिरवत बसाल.

अगदीच पैसे नसतील तर झूम नसलेली ५० मिमी एफ १.८ खूप स्वस्त पडते आणि २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड घेते. पण लहान घरात तिच्यातून एखाद-दुसरा चेहराच मावतो, आणि पाय मागे घ्यायला जागा नसते. माझं मत विचाराल तर सरावाला ती, कमाईला झूम.

२.८ लावून तीन रांगांचा फोटो काढू नका. पहिली रांग स्पष्ट येते, मागची धुरकट. त्या वेळी खिडकी ५.६ करायची, सगळ्यांना स्थिर उभं करायचं आणि “हलू नका” म्हणायचं.

जुनी लेन्स घेतली तर पैसे वाचतात, पण टॉर्च घेऊन जा. मागून उजेड पाडून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी आहे, ठेवून द्या. झूम फिरवताना कचकच आली तर वाळू गेलेली आहे. दुकानातल्याच अंधाऱ्या कोपऱ्यात २.८ वर फोटो काढून मोठा करून बघा.

बुरशी ही तर आपल्या खाडीकाठची घरचीच पाहुणी. ताईंची पहिली लेन्स पावसाळाभर बंद बॅगेत राहिली आणि तिला आत जाळं धरलं. म्हणजे आता ती विकूनही फार पैसे येणार नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवायची. डबा सुक्या जवळ्याचा असेल तर आधी चांगला घासा. एसी हॉलमधून बाहेर आल्यावर अर्धा तास बॅग उघडायची नाही, काचेवर दव धरतं. आणि बोरिवलीला जाताना फेरीबोटीत बॅग प्लास्टिकमध्ये.

आता हप्ता. समजा ३० हजार, शेकडा १ दराने, १२ हप्ते. मुद्दल महिन्याला २,५०० आणि पहिल्या महिन्यात व्याज ३००, पुढे ते उतरत जाईल. म्हणजे सुरुवातीला २,८००. चांगल्या महिन्यात दोन हळदींत निघेल. पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात कॅथलिक घरांत सहसा लग्नं नसतात आणि चातुर्मासात हिंदू घरांत नसतात. त्या महिन्यांत हप्ता कुठून येणार, हे अर्जातच लिहून मागा. वाढदिवस, बारशी, दुकानांच्या मालाचे फोटो, काहीही असो, पण लिहिलेलं असू दे.

मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. ताईंनी या महिन्याच्या हळदीला १७-५० एफ २.८ भाड्याने आणायचं ठरवलंय. दोन वर्षांपूर्वीचे फोटो आणि हे नवे, दोन्ही त्या पुढच्या बैठकीत शेजारी शेजारी ठेवणार आहेत. त्या मावशी म्हणाल्यात, “मी चष्मा घालून येते.”