जर्सीचा वास जाता जात नाही

प्रश्न : मुलगा शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. जर्सी धुतली तरी अंगात घातल्यावर थोड्याच वेळात कुबट वास येतो. पाठीवरचा नंबरही सुटायला लागलाय. काय करावं?

उत्तर : बहुतेक जर्सी पॉलिएस्टरच्या असतात. हा धागा पाणी फारसं शोषत नाही, पण घामातला तेलकटपणा मात्र धरून ठेवतो. त्यावर जिवाणू पोसतात आणि अंगाच्या उबेनं वास पुन्हा उठतो. म्हणून साबण वाढवू नका. नीट न निघालेला साबण उलट घाण धरतो. अर्ध्या बादली पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून जर्सी अर्धा तास भिजवा, खळबळून घ्या, मग नेहमीसारखी धुवा. व्हिनेगरसोबत ब्लीच कधीही नको, विषारी वायू तयार होतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर बंद करा. त्याच्या थरामुळे कापड घाम बाहेर टाकू शकत नाही.

नंबर उष्णतेनं चिकटवलेला असतो. जर्सी उलटी करून थंड पाण्यात धुवा, ब्रश लावू नका, पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्रीची गरजच नसते. सुटलेली कड दुकानात हीट प्रेसखाली पुन्हा बसवून मिळते.

आणि सामन्यानंतर ओली जर्सी रात्रभर बॅगेत कोंबलेली राहते का, तेवढं चिरंजीवांना विचारा!