गाडीची बॅटरी, होडीची बॅटरी आणि त्यांचा चार्जर



मागच्या अंकातील जमाखर्च वाचून दौंडच्या एका आजींनी उपासनेनंतर मला दारातच थांबवले. "बाई, दीड वर्षात गाडीला दोन बॅटऱ्या? माझ्या लेकाच्या गाडीला चार वर्षं झाली, एकच आहे." आजी दर महिन्याला पेन्शनमधून शंभर रुपये वेगळे काढून पाकिटात आणून देतात. त्यांना विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मला मात्र त्या दिवशी उत्तर देता आले नाही, कारण दोष कुठे होता हे मलाच ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले आहे. आपल्यापैकी अनेकांकडे गाडी आहे, काहींच्या मंडळ्यांकडे जीप आहे, नदीकाठच्या बांधवांकडे होड्या आहेत. म्हणून या तिमाहीचा अभ्यास बॅटरी चार्जरवर. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत हा विषय नव्हता, तो मी नुकसान करून शिकले.

आधी ती रात्र सांगते. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड नदीवर धरण आहे. त्याच्या पाण्याच्या कडेला एक भिल्ल वस्ती आहे, तिथे आमचा आठवड्यातून तीन वेळा संध्याकाळचा वर्ग असतो. वस्तीवर वीज असते आणि नसते, म्हणून जीपच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून दोन दिवे आणि स्पीकर चालवायचे. त्या जुलैत पाऊस होता, आम्ही मुक्कामालाच थांबलो. रात्री दीडच्या सुमारास एका बहिणीला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन झाला, गाडी निघाली. पण डांबरी रस्ता तीन किलोमीटरवर, तिथपर्यंत तिला आपणच न्यायचे होते. आमच्या ड्रायव्हर भाऊंनी किल्ली फिरवली. 'टक्' एवढाच आवाज. पुन्हा 'टक्'. सहा जणांनी धक्का दिला, चाके चिखलात रुतली. शेवटी पलीकडच्या मळ्यातून ट्रॅक्टर आला आणि ती ट्रॉलीत, ताडपत्रीखाली, पावसात गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, मुलगी आता अंगणात पळते. पण त्या पाऊण तासात तिच्या सासूने माझ्याकडे जसे पाहिले, ते मी विसरलेले नाही. त्या संध्याकाळचा पाठ दहा कुमारिकांच्या दाखल्यावर होता, हे सांगायलाही मला लाज वाटते. तेल भरून ठेवा असे मी ज्या दिव्याच्या उजेडात सांगत होते, तो दिवा आमच्याच गाडीचे तेल पीत होता.

बॅटरी तेव्हा अवघी चार महिन्यांची होती. मी दुकानदाराला दोष दिला आणि दुसरी बॅटरी घेतली. तीही वर्षाच्या आत बसली.

मग दौंडच्या मंडळीतील एक निवृत्त रेल्वे काका मदतीला आले. दौंड जंक्शनचे गाव, तिथे रेल्वेत नोकरी केलेले माणूस प्रत्येक गल्लीत सापडते. हे काका डब्यांच्या दिव्यांचे काम करत. एसी डब्याच्या खाली पेट्यांमध्ये दोन-दोन व्होल्टचे ५६ सेल ओळीने जोडलेले असतात आणि त्यांच्यावर ११० व्होल्टची व्यवस्था चालते. आयुष्यभर ते सेल सांभाळलेल्या माणसाने बॅटरीकडे पाहिलेच नाही. म्हणाले, "आधी चार्जर आणा."

मी चार्जर आणला. बाजारातून साडेसातशे रुपयांना घेतलेला, पत्र्याचा डबा, वर एक काटा. काकांनी तो लावून रात्रभर ठेवला आणि सकाळी मल्टीमीटरने मोजले. १५.८ व्होल्ट. बॅटरी हाताला गरम लागत होती आणि बुचे उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेले. "ताई, हा चार्जर नाही, ही चहाची किटली आहे. कधी थांबायचं ते हिला कळत नाही."

हे कळून घ्यायला थोडे आत जावे लागेल. गाडीच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेले गंधकाम्ल असते. ही रचना गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकात साधारण २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली, दोन-तीन तास निवांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणजे ठीक आहे, अशी माझी समजूत होती. तुमचीही असेल तर आजच सोडा. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचा पांढरा, टणक थर धरतो आणि मग ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. उलट भरून झाल्यावरही वीज ढकलत राहिले तर आतले पाणी फुटून वायू होऊन उडून जाते. आमच्या बॅटरीचे दोन्ही झाले. संध्याकाळच्या वर्गाने ती उपाशी राहायची, आणि महिन्यातून एकदा जागे होऊन आम्ही तिला किटलीवर उकळायचो.

चांगला चार्जर बॅटरीला तीन टप्प्यांत जेवू घालतो. आधी भरभर, ठरलेल्या अँपिअरने. व्होल्टेज साधारण १४.४ ला पोहोचले की ते तिथेच धरून ठेवतो आणि बॅटरी जेवढी घेईल तेवढाच, कमी कमी होत जाणारा करंट देतो. पोट भरले की १३.५ च्या आसपास उतरून नुसता सांभाळतो. लहान मुलाला भरवणाऱ्या आईला हे वेगळे सांगावे लागत नाही. दुकानात असा चार्जर 'ऑटोमॅटिक' किंवा 'स्मार्ट' म्हणून मिळतो. पण नुसत्या शब्दावर जाऊ नका. डब्यावर हे टप्पे आणि व्होल्ट छापलेले आहेत का पाहा. छापलेले नसतील तर तो माझा साडेसातशेवाला समजा.

किती अँपिअरचा घ्यायचा? बॅटरीवर जो एएच आकडा असतो त्याचा दहावा हिस्सा, हा जुना आणि भरवशाचा हिशोब. आमची बॅटरी ७५ एएच, म्हणून आम्ही ८ अँपिअरचा घेतला. निम्मी उतरलेली असेल तर सुमारे ३७ एएच परत भरायचे, म्हणजे पाच तास. शेवटचा टप्पा हळू चालतो, म्हणून एक रात्र धरा. दोन अँपिअरचा छोटा चार्जर मोटारसायकलला किंवा महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला उत्तम, पण आमच्यासारख्या रोज उपसणाऱ्या बॅटरीला तो पुरत नाही. गॅरेजमधला चाकांवरचा मोठा चार्जर अर्ध्या तासात गाडी सुरू करून देतो, पण ती अडचणीची सोय झाली, रोजचे जेवण नव्हे.

आता जी गोष्ट माहितीपत्रकात नसते ती सांगते. वस्त्यांवरची वीज. पाड्यांची जोडणी बऱ्याचदा शेतीच्या फिडरवर असते; आठवड्यात कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि मोटारी सुरू झाल्या की दिवा मेणबत्तीसारखा होतो. काही स्मार्ट चार्जर असे असतात की वीज गेली आणि परत आली तर ते गप्प बसून राहतात, बटण पुन्हा दाबावे लागते. रात्री दोनला वीज आली तर बटण कोण दाबणार? पहिला 'स्मार्ट' चार्जर आम्ही याच कारणासाठी परत केला. दुकानातच बॅटरीला जोडून स्विच बंद करून पुन्हा चालू करून पाहा; आपोआप कामाला लागला तर घ्या. आणि तो किती व्होल्टपासून चालतो तेही वाचा. फक्त २२० ते २४० वर चालणारा चार्जर आपल्याकडे निम्मी रात्र झोपेल.

दुसरे आपले ऊन. दौंडचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. बॅटरीचे सगळे आकडे २५ अंशांसाठी असतात. उष्णता वाढेल तसे भरण्याचे व्होल्टेज थोडे उतरवावे लागते, पंधरा अंश वाढीला साधारण ०.३ व्होल्ट. काही चार्जरला यासाठी वेगळी तार असते जी बॅटरीला चिकटवतात. ती मिळाली तर उत्तम. नाही तर निदान बॅटरी पत्र्याखाली दुपारी चार्ज करू नका, रात्री करा.

होडीचा हिशोब वेगळा आहे, आणि इथेही मी आधी चुकणारच होते. उजनीचे पाणी भीमेतून मागे थेट दौंड तालुक्यात येते. खानोटा, राजेगाव या बाजूला आपल्या ओळखीची काही आदिवासी कुटुंबे मासेमारी करतात. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे अंधारात काढायची. २०२४ च्या मे महिन्यात याच पाण्यावर कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी उलटून सहा जण बुडाले. ते वादळाने झाले, बॅटरीचा त्यात संबंध नव्हता. पण त्यानंतर होडीवर धड दिवा असावा असे या कुटुंबांनी स्वतःहून सांगितले. मी जीपची जुनी बॅटरी आणि जुना चार्जर देऊन मोकळी होणार होते. काकांनी अडवले.

गाडीची बॅटरी सेल्फसाठी असते, क्षणभर जोर लावायचा आणि लगेच इंजिनाकडून परत भरून घ्यायचे. होडीतली बॅटरी रात्रभर हळूहळू रिकामी होते. या होड्यांचे इंजिन दोरी ओढून सुरू होते, बॅटरी लागते ती दिव्याला आणि मोबाईलला. दहा वॅटचा दिवा आठ तास म्हणजे सुमारे ७ एएच. निम्म्याहून जास्त उतरवायची नाही असे धरले तर २० एएचची बॅटरी पुरते, पण ती खोलवर उतरणे सोसणाऱ्या जातीची हवी. शिवाय होडी डोलते, म्हणून ॲसिड न सांडणारी, बंद. बंद बॅटरीत पाणी घालता येत नाही, म्हणून तिला किटलीवर ठेवले तर ती कायमची गेली. तिच्यासाठी चार्जरवर 'एजीएम' किंवा 'जेल' अशी वेगळी खूण असते, ती निवडायची. कुणी लिथियमची देणगी दिली तर तिचाच चार्जर मागून घ्या, शिशाच्या बॅटरीचा तिला लावू नका.

होडीला आम्ही विजेचा चार्जर घेतलाच नाही. २३० व्होल्टची तार ओल्या काठावरून होडीपर्यंत नेणे हे मरण बोलावणे आहे. वीज वापरायचीच तर बॅटरी उचलून घरी आणायची. आम्ही ४० वॅटचे सौर पॅनेल बसवले. चांगल्या उन्हात दिवसाला ११ एएचच्या आसपास मिळतात, गरज सातची. पावसाळ्यात हे गणित कोलमडते, तेव्हा बॅटरी घरी येते. बारा व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल उन्हात प्रत्यक्षात १८ व्होल्ट आणि त्याहून जास्त देते, म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर लागतोच. तो काही शे रुपयांचा डबा वाचवायला जाऊ नका.

घरी आणली की आणखी एक काळजी. पाड्यावर घर म्हणजे एक खोली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने पेट घेतो. मुले झोपतात, चूल पेटते, आजोबा विडी ओढतात, तिथे बॅटरी लावायची नाही. ओसरीवर, उघड्यावर लावा. चार्जरचा स्विच बंद ठेवून आधी लाल चिमटा लावायचा, मग काळा, आणि गाडीत असेल तर काळा चिमटा बॅटरीपासून दूर, गाडीच्या लोखंडाला. मगच स्विच चालू. काढताना आधी स्विच, मग काळा, मग लाल.

आणि जुन्या बॅटरीचे काय? जाळ्याला शिशाचे मणी लागतात. एका वस्तीवर मी दोन बाप्यांना जुनी बॅटरी फोडून चुलीवरच्या कढईत शिसे वितळवताना पाहिले, शेजारी रांगते बाळ. तो धूर आणि ती राख लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा करते. मी ओरडले, मग शेजारी बसून समजावले. मणी तयार विकत मिळतात. जुनी बॅटरी दुकानात परत केली की वजनाप्रमाणे पैसे वजा होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणे ही कंपन्यांची जबाबदारी आहे.

जीपला आता तिसरी बॅटरी आहे, आणि वर्गाच्या दिव्यांसाठी वेगळी, जिचा सेल्फशी काही संबंध नाही. चार्जर साडेतीन हजारांचा. आधी तो घेतला असता तर दोन बॅटऱ्यांचे चौदा हजार वाचले असते, हे मी आजींना जाऊन सांगितले. वस्तीवरचा नववीतला मुलगा दर सोमवारी मल्टीमीटर लावून वहीत आकडा लिहितो. गेल्या सोमवारचा १२.६ आहे. दोन्ही जुन्या बॅटऱ्या दुकानात परत केल्या. त्यांची रक्कम या अंकाच्या जमाखर्चात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे.