पुस्तकातला चौकोन आणि आईचे तीन प्रश्न



आज घरी गेल्यावर मुलांचं बालभारतीचं पुस्तक हातात घ्या. पहिल्या पानावर आणि बऱ्याच पाठांपाशी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. हा क्यूआर कोड. किराणा दुकानात असाच चौकोन स्कॅन केला की आपले पैसे जातात. पुस्तकातला स्कॅन केला की धडा येतो. त्या पाठाचा व्हिडिओ, चित्रं, सरावाचे प्रश्न, असं काही ना काही उघडतं. त्याला फी नाही, फक्त नेटचा डेटा लागतो.

आपल्या कितीतरी घरांत हा चौकोन वर्षभर तसाच पडून राहतो. आणि त्याच घरात कुणी एजंट येऊन हजारो रुपयांचा ऑनलाइन कोर्स हप्त्यानं गळ्यात मारून जातो. म्हणून या महिन्याचा पाठ या विषयावर आहे.

हा चौकोन आला कुठून?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून मुलांना धडे ऐकायला-बघायला दिले. पुस्तकातली भाषा मुलांच्या घरची नव्हती, म्हणून त्यांनी तो मजकूर मुलांच्या मातृभाषेतही आणला. 2020 साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा 10 लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. म्हणजे ही गोष्ट आपल्यासारख्याच गावातल्या शाळेत रुजलेली आहे.

केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे ॲप 2017 साली सुरू झालं. पुस्तकातले कोड याच ॲपमध्ये उघडतात.

दीक्षा कसं वापरायचं?

1. प्ले स्टोअरमधून ‘दीक्षा’ ॲप घ्या. ते मोफत आहे. पैसे मागणारं दुसरं ॲप उघडलं तर ते बंद करा.
2. भाषा मराठी निवडा. मग महाराष्ट्र राज्य मंडळ, मराठी माध्यम आणि मुलाची इयत्ता निवडा.
3. स्कॅनच्या चिन्हावर बोट ठेवा आणि कॅमेरा पुस्तकातल्या चौकोनावर धरा.
4. कॅमेरा खराब असेल किंवा पान मळलेलं असेल, तर चौकोनाखाली छापलेली 6 अक्षरं-आकडे टाइप करा. तरीही धडा उघडतो.
5. धडा डाउनलोड करून ठेवा. मग शेतात, वस्तीवर, नेट नसतानाही बघता येतो. रोजचा डेटा मिळणारा रिचार्ज असेल तर उरलेला डेटा रात्री वाया जातो. झोपण्याआधी त्यात उद्याचा धडा उतरवून घ्या.

लहान मुलांच्या वाचनासाठी ‘स्टोरीवीव्हर’ ही वेबसाइट चांगली आहे. प्रथम बुक्स या संस्थेनं ती 2015 साली सुरू केली. तिथं मराठीत चित्रांच्या गोष्टी मोफत मिळतात. गोष्टींना 1 ते 4 पातळ्या दिलेल्या आहेत. मूल चौथीत असलं तरी अडखळत वाचत असेल, तर पातळी 1 पासून सुरुवात करा. त्यात लाजायचं काही कारण नाही.

नुसतं बघून येत नाही

हिशेबाच्या वहीचं प्रशिक्षण आठवा. ताईंनी फळ्यावर दाखवलं तेव्हा सगळं समजलं असं वाटलं. बैठकीत स्वतः पेन हातात धरल्यावर कळलं कुठं अडतंय ते! मुलांचंही तसंच होतं. व्हिडिओ बघताना मान हलते, डोळे चमकतात, पण फोन बाजूला ठेवला की अर्धं निसटून जातं. जे स्वतःच्या तोंडानं सांगितलं, हातानं केलं, तेच टिकतं.

इथं आईचं काम सुरू होतं. आई फक्त सही करण्याइतकी शिकलेली असली तरी हे काम होतं. तीन प्रश्न विचारायचे:

सुरू करण्याआधी: “आज काय बघायचंय? त्यातलं तुला आधीच काय ठाऊक आहे?”

मधेच थांबवून: “आता पुढं काय होईल सांग बरं?”

संपल्यावर, फोन पालथा ठेवून: “मला समजावून सांग. घरातली वस्तू घेऊन दाखव.”

उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कळलंच पाहिजे असं नाही. मूल कुठं थबकलं एवढं बघा. तिथून धडा पुन्हा लावा. तरी नाही जमलं तर पुस्तकात त्या जागी पेन्सिलीनं खूण करा आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना विचारायला सांगा.

एक उदाहरण घेऊ. पाचवीच्या मुलीला विचारा, “एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश?” पुष्कळ मुलं अष्टमांश म्हणतात, कारण चारापेक्षा आठ मोठे. व्हिडिओत रंगीत गोल कापून दाखवतात, तेव्हा हो हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक. आता दोन सारख्या भाकरी घ्या. तिलाच एकीचे चार आणि दुसरीचे आठ सारखे तुकडे करू द्या. “भूक लागली तर कुठला तुकडा घेशील?” असं विचारा. मग तराजू असेल तर पाव किलो आणि त्याचा निम्मा, म्हणजे 250 ग्रॅम आणि 125 ग्रॅम, वजन करून दाखवा. जितके वाटेकरी जास्त, तितका वाटा लहान, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मुलांना ते आपणच शिकवू शकतो.

घरात फोन एकच असला तर?

बहुतेक घरांत फोन एकच, आणि तोही मालकांबरोबर दिवसभर बाहेर. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा तो मुलाच्या हातात जातो. मुलगी चुलीपाशी, भांड्यांपाशी. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं. म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवा: सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलीचे, मंगळवार, गुरुवार, शनिवार मुलाचे. तिच्या वारी भांडी भावानं घासायची. रोज अर्धा तास पुरे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या मुलांना वगळू नका. वस्तीतल्या चार-पाच मुलांना रविवारी एका ताईंच्या ओट्यावर बसवा. एक फोन मधे ठेवा आणि तेच तीन प्रश्न सगळ्यांना विचारा. मुलं एकमेकांना समजावून सांगतात, तेव्हा दोघांचंही पक्कं होतं.

फोन मुलांकडे देताना पैसे पाठवायच्या ॲपला कुलूप लावा. पिन मुलांना सांगू नका. यूट्यूबवर एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागतो, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

हप्त्याचा कोर्स दारात आला तर?

आधी फुकट चाचणी घेतात. मुलाला अवघड प्रश्न विचारतात. त्याला आलं नाही की आईकडे बघून म्हणतात, “मागं पडलाय हो तुमचा मुलगा.” आईचं काळीज हलतं आणि तिथंच सही होते. पुढं कळतं की कोर्सचे पैसे एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज म्हणून आपल्या नावावर पडलेत. मुलानं कोर्स बघितला नाही तरी हप्ता चुकत नाही. थकला तर तो आपल्या कर्जाच्या नोंदीत दिसतो आणि उद्या शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मागताना आडवा येतो.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर 2021 मध्ये पालकांना अशा कंपन्यांबाबत सावध केलं होतं. खात्यातून आपोआप पैसे कापून जायची परवानगी देणं टाळा, असं त्यात सांगितलं होतं. आपणही एवढं पाळू:

- त्याच दिवशी सही नाही. आधार, पासबुक, ओटीपी काहीही द्यायचं नाही.
- “हे कर्ज आहे का? परत करायचं झालं तर पैसे कसे मिळतील?” हे लेखी मागायचं.
- आधी वर्गशिक्षकांना विचारायचं, मग गटात बोलायचं.
- आधी महिनाभर दीक्षावरचे धडे वापरून बघायचे. मूल मोफत धड्याला बसत नसेल, तर विकतच्या धड्यालाही आपोआप बसणार नाही.

पुढच्या मासिक बैठकीसाठी

बचत आणि परतफेडीचा विषय झाला की 20 मिनिटं या पाठाला द्या. ज्या ताईंना फोन चांगला वापरता येतो त्यांनी एका पुस्तकातला कोड सगळ्यांसमोर उघडून दाखवावा. मग या प्रश्नांवर बोला आणि इतिवृत्तात लिहा:

1. आपल्या गटात किती घरांत शाळेत जाणारी मुलं आहेत आणि स्मार्टफोन नाही? ती मुलं कुणाच्या ओट्यावर बसतील?
2. मुलीच्या वाट्याला आठवड्यात फोन किती वेळ येतो?
3. कुणी ऑनलाइन कोर्सचा हप्ता भरतंय का? त्याचे कागद सीआरपी ताईंना दाखवले का?

घरचा अभ्यास एकच. या आठवड्यात एक धडा मुलाशेजारी बसून बघा, तीन प्रश्न विचारा आणि मूल कुठं थबकलं ते लक्षात ठेवून बैठकीत सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगितलं तरी चालेल.