कापसाची गांठ आणि मजुराची मोकळीक

नागपूर–अमरावती मार्गावरील तळेगांव (श्यामजी पंत) येथील कास्तकाराचा कापूस रेच्यांत पडला, कीं तो अनेकांच्या कापसांत मिसळतो. सरकी निघते, रुईच्या गांठी बांधल्या जातात, आणि पुढें सूत व कापड होऊन तो परदेशींही जाऊं शकतो. आजवर घेणारा धाग्याची लांबी व स्वच्छता पाहत असे. आतां तो आणखी एक प्रश्न विचारूं लागला आहे: हा कापूस वेचणारे हात मोकळे होते काय?

हा प्रश्न कायद्यानें उभा केला आहे. सक्तीच्या श्रमाच्या मालाविरुद्ध अमेरिकेनें १९३० सालींच कलम केलें होतें. जून २०२२ पासून अमलांत आलेल्या तेथील नव्या कायद्यानें चीनच्या शिनजियांग प्रांतांतील माल सक्तीचाच मानला, व तसें नसल्याचें सिद्ध करण्याचा भार आयात करणारावर टाकला. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा १४ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे. त्यास कोणताही देश अपवाद नाहीं.

"आपल्याकडे वेठ कोठें आहे?" असें कोणी म्हणेल. संविधानाच्या कलम २३ नें वेठ निषिद्ध आहे. १९७६ च्या कायद्यानें वेठीचें कर्जही रद्द केलें, व कर्ज तसलें नाहीं हें दाखविण्याचा भार सावकारावर ठेविला. परंतु गुढीपाडव्यास सालदारास दिलेली उचल पाहा. उचल देणें हा गुन्हा नव्हे. "ती फिटेपर्यंत दुसरीकडे जावयाचें नाहीं" असें म्हटलें, कीं तिचीच बेडी होते. किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेलें कामही सक्तीचेंच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं ठरविलें आहे.

तेव्हां रेचेवाल्यांनीं व शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनीं पुढील तयारी आतांच करावी.

१. प्रत्येक ढिगाची वेगळी नोंद ठेवावी: कास्तकाराचें नांव, गांव, वजन व तारीख. गांठींच्या क्रमांकाशीं ती जुळावी.

२. वेचणीची मजुरी वजनावर असली तरी दिवसाची कमाई किमान वेतनास पोंचते कीं नाहीं, तें हजेरीपत्रकावरून पाहावें.

३. उचलीची वही निराळी असावी, व तिची प्रत मजुराजवळ असावी. बाहेरगांवच्या मजुराचें आधारपत्र कोणीही अडकवून ठेवूं नये.

४. मुलें शाळेंत आहेत कीं पाळींत, हें हंगामांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहावें, व मजुराशीं मुकादमाच्या गैरहजेरींत बोलावें.

५. दोष आढळल्यास कास्तकाराशीं व्यवहार तोडून मोकळें होऊं नये. आधीं मजुराचें देणें चुकतें करवावें.

शेवटीं कंपन्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. कास्तकाराच्या सहीचा छापील कागद हा पुरावा नव्हे. वेचणीची पुरी मजुरी निघेल असा भाव कापसास न देतां केवळ दाखला मागणें, म्हणजे आपल्या डोक्यावरचें ओझें दुबळ्याच्या डोक्यावर ठेवणें होय. कागद स्वच्छ करण्यापूर्वीं व्यवहार स्वच्छ करावा. मग कागद लिहिणें अवघड नाहीं.