हॅकिंगच्या आधी दुरुस्ती

‘सर, मुलाला एथिकल हॅकिंग शिकायचंय. सहा आठवड्यांचा क्लास आहे, फी लाखाच्या घरात. घालू का?’ बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी मी आधी पुण्यातल्या दोन भावांची गोष्ट सांगतो.

मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे स्वतःचं दुकान टाकून कॉम्प्युटरही दुरुस्त करू लागले. नव्वदच्या दशकात दुकानात व्हायरस लागलेली मशीन्स वारंवार येत. धाकटे भाऊ संजय तेव्हा कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. ही मशीन्स साफ करायला त्यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातूनच ‘क्विक हील’ ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. व्यावसायिक ग्राहकांसाठी तिचा ‘सेक्राइट’ हा वेगळा ब्रँड आहे.

या गोष्टीतून पालक एवढंच उचलतात, की डिग्रीवाचून काही अडत नाही. पण सॉफ्टवेअर लिहिलं ते शिकणाऱ्या भावाने. आणि काय लिहायचं हे उमगलं, ते दुकानात आलेल्या आजारी मशीन्समुळे. सायबर सुरक्षेच्या क्षेत्राला दोन्ही भाऊ लागतात.

काम नेमकं कसलं?

घरच्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस टाकला की आपण विसरून जातो. कंपनीत मात्र पाचशे कॉम्प्युटर आणि तेवढेच मोबाइल एका पडद्यावरून सांभाळायचे असतात. कुणाचं अपडेट राहिलंय, कुणाच्या फोनमध्ये लग्नपत्रिकेच्या नावाखाली आलेली एपीके फाइल शिरली, हे तिथे दिसतं. रिक्षात विसरलेल्या फोनमधला कंपनीचा डेटा तिथूनच पुसता येतो. पूर्वीचे अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची यादी बाळगत. आता प्रोग्रॅमच्या वागणुकीवरही नजर असते. एखादा साधा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइली कुलूपबंद करू लागला, तर यादीत त्याचं नाव नसलं तरी त्याला अडवायचं.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतल्या कॉम्प्युटरांना ग्रासलं. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. औषध घरात होतं, कुणी पाजलं नव्हतं. ते वेळेवर पाजणारा माणूस म्हणजे एंडपॉइंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.

१९ जुलै २०२४ ला उलटं घडलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले आणि विमानसेवा कोलमडल्या. हल्लेखोर कुणीच नव्हता, तपासणीत चूक निसटली होती. म्हणून अशी तपासणी करणाऱ्या टेस्टरची नोकरी दुय्यम समजू नका.

शिवाय, सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे. हल्ले ऑफिसची वेळ पाहून होत नाहीत. त्यामुळे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे ‘सॉक’मध्ये, पाळ्या चालतात. पहिली नोकरी बरेचदा तिथेच किंवा सपोर्टमध्ये मिळते आणि रात्रपाळी करावी लागते. घरात हे आधीच बोलून घ्या.

व्हायरस उलगडून त्याची चाल शोधणारा मालवेअर अ‍ॅनालिस्ट हे यातलं सर्वांत आकर्षक पद. पण तिथवरची वाट सी, असेम्ब्ली आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या तासांतून जाते.

शिकायचं काय?

बीसीएस, बीसीए, कॉम्प्युटर डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग, यांतलं जे झेपेल ते. नाव कोणतंही असो, नेटवर्किंग, लिनक्स, विंडोजची अंतर्गत रचना आणि पायथॉन हे चार खांब पक्के हवेत. एनपीटेलवर या विषयांची व्याख्यानं फुकट पाहता येतात. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा ‘डिटिस’ हा सिस्टीम्स आणि सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याचा प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. महागडी सर्टिफिकेटं त्यानंतर, शक्य झाल्यास नोकरी लागल्यावर. सहा आठवड्यांच्या क्लासात टूल्सची बटणं दाबायला शिकवतील, पण बटणामागे काय घडतं ते कळायला पाया लागतो.

मुलांना एक ताकीद. कॉलेजची वेबसाइट किंवा शेजाऱ्याचं वायफाय ‘गंमत म्हणून’ फोडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सराव फक्त स्वतःच्या मशीनवर करावा.

सुट्टीतली परीक्षा

क्लासची फी भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला पंधरा दिवसांचं एक काम द्या. वडिलांच्या दुकानातले किंवा मावशीच्या दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर आणि फोन मालकाच्या परवानगीने एका वहीत लिहून काढायचे. कोणत्या मशीनचं अपडेट कधी झालं, अँटिव्हायरसची मुदत कधी संपली, बिलांची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे आणि ती खरंच उघडते का? मग राहिलेली अपडेट्स करायची आणि मालकाला न घाबरवता सोप्या भाषेत सगळं समजावून सांगायचं.

दुसऱ्याच दिवशी वही कोपऱ्यात पडली, तर लाखभर रुपये वाचले. आणि जेवताना पोरगी म्हणाली, ‘बाबा, तुमच्या बिलिंगच्या मशीनवर काहीतरी विचित्र चाललंय, उद्या परत बघते’, तर खुशाल बीसीएसचा अर्ज भरा.